‘मॅन्युअर’ या शब्दाची कुळकथा

गेल्या महिन्यांत आमच्या संघाचे एक जुने सभासद कार्यालयांत आले, ते हातांत एक कागद घेऊनच. त्यांचे चिरंजीव शेतकी महाविद्यालयांत शिकत आहेत. सुटींत ते घरीं आले असतां पितापुत्रांत एक लहानसा वाद झाला. वडील म्हणाले, “यंदा वरच्या तुकड्याला खत पडलें पाहिजे.” मुलानें विचारलें, “किती गोण्या आणूं, आबा?” वडील म्हणाले, “गोण्या कसल्या? मी गाड्यांचें बोलतों आहें.” एकाच शब्दावरून दोघांच्या डोळ्यांपुढें दोन निराळ्या वस्तु उभ्या राहिल्या. मुलानें आपलीं इंग्रजी पुस्तकें काढलीं, तों तेथेंहि तोच गोंधळ. एका पुस्तकांत ‘मॅन्युअर’ म्हणजे शेणखत. एका जुन्या पुस्तकांत कारखान्यांतील भुकटीलाहि ‘मॅन्युअर’. तिसऱ्यांत ‘फर्टिलायझर’ हा निराळाच शब्द. शेवटीं वडिलांनीं प्रश्न कागदावर उतरून आमच्याकडे आणला: मॅन्युअर या शब्दाचा खरा अर्थ काय, व तो आला कोठून?

शेतकऱ्यांच्या मासिकानें शब्दांचीं कुळें कशाला शोधावीं, असें कोणी म्हणेल. परंतु शब्दाच्या अर्थांत घोटाळा झाला म्हणजे व्यवहारांत घोटाळा होतो, आणि हा घोटाळा तर वर्षाच्या जमाखर्चांत व जमिनीच्या कसांत उतरणारा आहे. म्हणून या प्रश्नाचें उत्तर सर्वच वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं ठरविलें.

शब्दाचें मूळ

लॅटिन भाषेंत हाताला ‘मानुस’ म्हणतात आणि काम करण्याला ‘ओपेरारी’. ‘मानू ओपेरारी’ म्हणजे हातानें काम करणें. या दोन शब्दांचा सांधा जुळून मध्ययुगीन लॅटिनमध्यें व जुन्या फ्रेंच भाषेंत एक क्रियापद तयार झालें. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर कित्येक पिढ्या तेथील दरबाराची व न्यायकचेऱ्यांची भाषा फ्रेंच वळणाची राहिली. आपल्याकडे फारशी अंमलांत जमीन, महसूल, वसूल, तगाई हे शब्द जसे कुळकर्ण्याच्या दप्तरांतून थेट नांगरापर्यंत येऊन पोंचले, तसेच तेथेंहि झालें. जमिनीच्या व्यवहाराबरोबर हें क्रियापद इंग्रजींत शिरलें आणि इसवी सन १४०० च्या सुमारास तें तेथें रूढ झालेलें आढळतें.

त्या काळीं त्याचा अर्थ होता जमीन ताब्यांत ठेवून तिची वहिवाट करणें, ती कसणें. शेणाचा त्यांत संबंध नव्हता. ज्या शेतांत मनुष्याचा हात फिरला तें शेत ‘मॅन्युअर’ केलेलें; ज्यांत फिरला नाहीं तें पडीक. खत घातलें किंवा न घातलें, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटांत मुळींच नव्हता.

या शब्दाचीं भावंडें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. यंत्र हातानें चालवावयाचें असेल तर त्याला ‘मॅन्युअल’ म्हणतात. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे हातानें लिहिलेलें. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळांत हातानें बनविणें; आज तेथें हात थोडे व यंत्रें फार, ही गोष्ट निराळी. परंतु खरा सख्खा भाऊ म्हणजे ‘मनूव्हर’. सैन्याच्या किंवा आरमाराच्या डावपेंचांच्या हालचालींना हा शब्द लावतात. तो अठराव्या शतकांत फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला, आणि त्याचेंहि मूळ तेंच, हातानें काम करणें. फ्रेंच भाषेंत तर अंगमेहनत करणाऱ्या मजुराला आजहि याच शब्दानें संबोधितात. एका घरचे दोन मुलगे. एक फौजेंत गेला व मानाला चढला, दुसरा उकिरड्यावर राबत राहिला. दोघांची मेहनत मात्र एकाच जातीची.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. ‘मॅनॉर’ म्हणजे जमीनदाराचा वाडा व त्याखालची मिळकत, हा शब्द ऐकावयास जवळचा वाटला तरी त्याचें कुळ वेगळें आहे. राहणें, वस्ती करणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला आहे. एक शब्द जमिनीवर राहणाऱ्याचा व दुसरा जमिनीवर राबणाऱ्याचा, असें लक्षांत ठेवलें म्हणजे दोहोंची गल्लत होणार नाहीं.

हातापासून शेणापर्यंत

जुना अर्थ किती दिवस टिकला याचे दोन चांगले दाखले इंग्रजी वाङ्मयांत आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या ‘ऑथेल्लो’ नाटकांत शेक्सपियरनें इयागो या पात्राच्या तोंडीं एक दृष्टांत घातला आहे. मनुष्याचें शरीर ही बाग व त्याची इच्छा हा माळी; आळसानें बाग ओसाड पडते आणि उद्योगानें ती कसली जाते, असा त्याचा आशय. ‘कसणें’ या ठिकाणीं कवीनें हाच शब्द योजिला आहे. पुढें १६६७ सालीं मिल्टनचें ‘पॅरेडाइज लॉस्ट’ हें महाकाव्य प्रसिद्ध झालें. त्यांत आदिपुरुष आदम ईव्हला म्हणतो, कीं या उपवनांतल्या फांद्या आपल्या तुटपुंज्या मेहनतीला दाद देत नाहींत. त्या छाटावयास आपल्या दोघांच्या हातांहून अधिक हात हवेत. त्या मेहनतीलाहि मिल्टननें हाच शब्द वापरला आहे. आजचा विद्यार्थी कोशांतील पहिला अर्थ घेऊन ती ओळ वाचील, तर स्वर्गाच्या बागेंत शेणखत कोठून आलें, अशा कोड्यांत पडेल. तेथें खत नाहीं. तेथें हात आहे.

मात्र एकीकडे अर्थ पालटूंहि लागला होता. सोळाव्या शतकांतच हा शब्द शेणाला व कुजवलेल्या द्रव्याला लागूं लागला, आणि क्रियापदाचा अर्थहि ‘कसणें’ येथून ‘खत घालणें’ इकडे सरकला. शेणाला इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द ‘डंग’ होताच. ‘मक’ म्हणून आणखी एक गांवठी शब्दहि होता. मग हा फ्रेंच वळणाचा शब्द तेथें कां गेला? ज्यानें खताचा खड्डा उपसला आहे त्याला याचें नवल वाटूं नये. नांगरट बैल करतात, पेरणी पाभर करते. परंतु गोठ्यांतलें शेण भरणें, तें खड्ड्यावर नेऊन टाकणें, पुढें गाडींत भरून शेतांत ढीग घालणें, आणि ते ढीग फांटीनें व फावड्यानें विसकटून मातींत मिसळणें, हें सारें मनुष्याच्या हातांवरच असे. शेत कसण्यांत हाताचें जें सर्वांत जड काम, त्यालाच अखेर ‘हातकाम’ हें नांव उरलें, असें आम्हांस वाटतें. पुढें काम मागें पडलें आणि नांव वस्तूला चिकटलें.

कारखान्याचा माल

यानंतरचा पालट एकोणिसाव्या शतकांतला. १८४० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें शेतीच्या रसायनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि वनस्पति खनिज द्रव्यांवर पोसतात हा सिद्धांत पुढें मांडला. १८४२ सालीं इंग्लंडांत लॉझ यानें हाडें व फॉस्फेटयुक्त खनिजें यांवर आम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट बनविण्याचें पेटंट घेतलें. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा, ज्याला ग्वानो म्हणतात, ती जहाजें भरभरून याच सुमारास विलायतेंत येऊं लागली. आतां या नव्या मालाला म्हणावें काय? लोकांनीं जुनेंच नांव त्याला दिलें आणि मागें एक विशेषण लावलें: ‘आर्टिफिशल मॅन्युअर’, म्हणजे कृत्रिम खत. आपल्याकडील जुन्या सरकारी शेतकी पत्रकांतहि हीच भाषा आढळते. सभासदांच्या चिरंजीवांना जुन्या पुस्तकांत जो घोटाळा दिसला त्याचें कारण हें.

‘फर्टिलायझर’ या शब्दाचा वंश निराळा आहे. वाहणें, धारण करणें, फळ देणें या अर्थाच्या लॅटिन ‘फेरे’ धातूपासून ‘फर्टाइल’, म्हणजे सुपीक, हा शब्द झाला. आणि सुपीक करणारें तें फर्टिलायझर. हळूहळू कारखान्याच्या मालाकडे हा शब्द गेला आणि शेणामुताकडे मॅन्युअर राहिला. अमेरिकेंत तर मॅन्युअर म्हटलें कीं जनावरांची विष्ठा एवढेंच बहुधा समजतात.

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं आजचा वापर थोडक्यांत देतों. नुसता मॅन्युअर म्हणजे शेणखत किंवा जनावरांपासून मिळणारें दुसरें खत. ‘ग्रीन मॅन्युअर’ म्हणजे ताग, धैंचा यांसारखें पीक उभें असतांना जमिनींत गाडून केलेलें हिरवळीचें खत. ‘फार्मयार्ड मॅन्युअर’ म्हणजे गोठ्यांतलें शेण, मूत व खाली पडलेला चारा एकत्र कुजवून झालेलें खत. युरिया, सुपरफॉस्फेट, पोटॅश हीं फर्टिलायझर. उच्चार करतांना जोर मधल्या ‘न्यू’ वर द्यावा.

आपला ‘खत’ शब्द

इंग्रजानें दोन वस्तूंना दोन शब्द केले. आपण मात्र दोहोंना एकच शब्द ठेवला. शेणखत तेंहि खत आणि गोणींतलें तेंहि खत. इतकेंच नव्हे, तर अरबी वळणाचा आणखी एक ‘खत’ आपल्या भाषेंत आहे, तो कागदाचा: गहाणखत, खरेदीखत, कर्जखत. पहिलें खत शेतांत पडलें म्हणजे शेत घरांत राहतें. दुसरें खत कचेरींत पडलें म्हणजे शेत घराबाहेर जाण्याची वाट धरतें. या दोन खतांची गांठ कशी पडते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. उधारीवर आणलेल्या गोण्यांचें बिल पिकावर भागलें नाहीं, म्हणजे पहिल्या खतापायीं दुसरें खत लिहून देण्याची पाळी येते.

गोणींतल्या खताची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आंकडे पाहूं. कडुनिंबाचा लेप दिलेल्या नेहमींच्या युरियाची गोणी ४५ किलोंची असते आणि त्यांत शेंकडा ४६ नत्र असतें. म्हणजे एका गोणींत सुमारें पावणेएकवीस किलो नत्र. चांगल्या कुजलेल्या शेणखतांत नत्र शेंकडा अर्धा धरलें, तर एका टनांत पांच किलो भरतें. म्हणजे नत्रापुरतें पाहिलें तर एक गोणी चार टनांच्या बरोबरीची. बैलगाडींत अर्धा टन धरला तर त्या आठ गाड्या होतात. शिवाय शेणखतांतलें सगळें नत्र पहिल्याच हंगामांत पिकाला मिळत नाहीं. उभ्या पिकाला नत्राची निकड असतांना गोणी उपयोगी पडते, यांत शंका नाहीं.

परंतु त्या आठ गाड्यांत नत्राखेरीज स्फुरद आहे, पालाश आहे, सूक्ष्म द्रव्यें आहेत, आणि पाणी वजा जातां शेंकडों किलो सेंद्रिय द्रव्य आहे. या शेवटच्या द्रव्यापासूनच मातींत ह्यूमस होतो, ओल टिकते, ढेकूळ सुटतें आणि मातींतले जीव जगतात. तें गोणींत नाहीं. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत १८४३ सालापासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. तेथें एका तुकड्याला दर वर्षीं हेक्टरीं ३५ टन शेणखत मिळतें, कांहींना केवळ रासायनिक खतें, आणि एकाला कांहींच नाहीं. योग्य प्रमाणांत रासायनिक खतें दिलेल्या तुकड्यांतहि गव्हाचें पीक शेणखताच्या तुकड्याइतकें येऊं शकतें, हें तेथें दिसून आलें आहे. पण मातीची तपासणी केली असतां शेणखताच्या तुकड्यांत सेंद्रिय कर्ब बिनखती तुकड्याच्या दुपटीहून अधिक भरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि शहाण्या शेतकऱ्यानें दोन्ही ध्यानांत ठेवाव्या. गोणी पिकाला भरवते. गाडी जमिनीला भरवते. आपल्या उष्ण हवेंत तर सेंद्रिय द्रव्य लवकर जळून जातें, म्हणून येथें जमिनीला भरविण्याची गरज थंड देशाहून अधिकच आहे.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं एका शब्दाखालीं दोन वस्तु आल्यामुळें एकीनें दुसरीची जागा कधीं घेतली हें आपल्या ध्यानांतच आलें नाहीं. ‘खत घातलें का?’ या प्रश्नाला ‘घातलें’ हें उत्तर दोन गोण्यांनींहि पुरें होऊं लागलें, आणि उकिरडा ओस पडला.

हाताचा पुन्हा शोध

१८८९ सालीं डॉक्टर व्होल्कर हे विलायती कृषिरसायनज्ञ हिंदुस्थानांत आले व त्यांनीं देशभर हिंडून १८९३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी शेतकरी अडाणी नसून कांहीं बाबतींत विलायती शेतकऱ्याच्याहि वरचढ आहे, असें त्यांनीं मोकळेपणानें नमूद केलें. शेणाच्या गोवऱ्या करून जाळल्या जातात याचें कारण अज्ञान नव्हे, तर सरपणाची टंचाई आहे. म्हणून सरपणाची व चाऱ्याची राखीव राने वाढवावीं, असें त्यांनीं सुचविलें.

पुढें इंदूर येथें, होळकरांच्या संस्थानांत, १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं वनस्पतिसंशोधन संस्थेंत काम केलें. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. या दोघांनीं मिळून शेतीच्या टाकाऊ द्रव्यांपासून ह्यूमस कसा करावा यावर १९३१ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि ‘इंदूर पद्धति’ हें नांव जगभर झालें. काडीकचरा, शेणकाला, मूत मुरलेली माती व राख यांचे थर एकावर एक द्यावे, ओल राखावी, तीन वेळां ढीग उलथावा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. त्याला ‘कंपोस्ट’ म्हणतात. हा शब्दहि लॅटिनच; त्याचा अर्थ एकत्र मांडलेलें, रचलेलें. कचरा पडतो आणि कंपोस्ट रचावें लागतें, हा भेद त्या नांवांतच आहे.

आज गोठ्यांत बैल थोडे राहिले आणि ट्रॅक्टर आले, त्यामुळें शेण पूर्वीसारखें मिळत नाहीं, ही तक्रार खरी आहे. पण उंसाचें पाचट, तुरीच्या तुरकाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचा भुसा हीं तर शेतांतच होतात, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांना काडी लावली जाते. गोठ्यांतील मूत वाहून जातें. जनावराच्या शरीरांतून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकीं सुमारें निम्मा वांटा त्यांतच असतो. खड्डा उघडा राहिला कीं नत्र अमोनियाच्या रूपानें हवेंत उडून जातें आणि पावसाच्या पाण्यानें विरून वाहतें. गोठ्यांत माती अंथरून मूत मुरवावें, पाचट व भुसा थरांत घालावा, पऱ्हाट्या व तुरकाट्या बारीक करून घ्याव्या, खड्ड्यावर सावली व मातीचा लेप असावा. यांत विकत घेण्याजोगें फार थोडें आहे. लागतात ते हात.

‘मशागत’

लेख संपवितांना आपल्याच भाषेंतील एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. शेत नांगरणें, कुळवणें, तण काढणें या सर्वांना आपण ‘मशागत’ म्हणतों. हा शब्द अरबी ‘मशक्कत’ पासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ कष्ट, मेहनत. म्हणजे इंग्रजानें ज्या वाटेनें मॅन्युअर हा शब्द शेतापर्यंत आणला त्याच वाटेनें आपणहि मशागत आणली. त्याचा शब्द कष्टापासून कसण्याकडे आला, तेथून शेणाकडे व शेवटीं गोणीकडे गेला. आपला शब्द अजून कष्टाशींच राहिला आहे.

आमच्या सभासदांस आम्हीं हेंच कळविलें. वडिलांची गाडी बरोबर आणि मुलाची गोणीहि बरोबर. मात्र गोणी ही गाडीच्या जोडीला यावी, तिच्या जागीं येऊं नये. वरच्या तुकड्याची माती तपासून घ्यावी, गाड्या उन्हाळ्यांत पडाव्या, आणि तपासणी सांगेल तेवढ्याच गोण्या हंगामांत आणाव्या. परवां त्यांचा निरोप आला, कीं चिरंजीवांनीं परत जाण्यापूर्वीं जुना खड्डा उकरून साफ केला आणि पाचटाचा पहिला थर घातला. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ त्यांना आतां कोशांत पाहावा लागणार नाहीं.